शेंडेनक्षत्राचं गिरान

माहेरी केळी अन् सासरी कापूस. लगीन होऊन आले तवा पहिलं मला एवढंच कळलं, की पान्याचा आवाज बंद झाला. अर्धापूरला आमच्या मळ्यात दिवसभर पाटाचं पानी खुळखुळायचं, जरा वारं सुटलं की केळीची पानं फडफड करायची, भर उन्हाळ्यात बी पायाखाली गार लागायचं. अन् हे गाव हदगावच्या पल्याड, एसटीच्या फाट्यावर उतरून कोसभर आत. चहूकडं काळं रान, उघडं. बोंडं फुटली की अंधारात बी रान पांढरं दिसायचं. मला सतरावं लागलं असंल नसंल. दोन वर्गं शिकलेली. अजून बी लिहायला हात वळत न्हाई. मी बोलते अन् माही नात लिहून घेते. तिला सांगितलंय, मी बोलते तसंच लिही, त्याला शाळेतलं करू नको.

घर दोन खोल्यांचं, मातीचं, वर माळवद. म्होरं अंगन, अंगनाच्या कडंला बैलांचा गोठा. घरात मान्सं मोजकी. माहे मालक, नामदेव त्यांचं नाव. माही सासू, तिचा मालक लवकर गेलेला. अन् मालकाची आजी. तिला समदं गाव बुढीमाय म्हनायचं. तिच्या डोळ्यांत मोती पिकलेला, उजेड-अंधार तेवढा कळायचा, पन घरावर हुकूम तिचाच. दाराशी बसून कापसातली सरकी काढायची, वाती वळायची, अन् पायाच्या आवाजावरून कोन आलं ते सांगायची. मी पान्याची घागर डोक्यावर घेऊन आले की म्हनायची, "कौसे, आज आडाला गर्दी होती वाटतं, घागर अर्धीच आनलीस." तिला कसं कळायचं, देव जाने. बोलायला फटकळ, पन भाकरी करताना माह्या हाताला चटका बसला तर पहिली तीच तेल लावायची. सासू गरीब. ती बुढीमायला उभ्या जिंदगीत उलटून बोलली न्हाई, मग मी कोन. जेवायला येसराची आमटी, जवारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कवा करडईच्या तेलावर परतलेला ठेचा. मला त्या घरात दुःख होतं असं म्हनायचं न्हाई. कामाचं दुःख बाईला दुःख वाटतच न्हाई.

माह्या बापाला आम्ही दादा म्हनायचो. दादांनी लग्नात जावयाला रेडिओ दिला होता. मालकांना त्याचं लई कवतिक. कापडाची खोळ शिवून घेतली होती त्याला, रानात बी गळ्यात अडकवून न्यायचे. दिवाळी झाली, मला पाचवा लागला, अन् त्याच रेडिओवर सांगितलं, की आभाळात एक शेपटीचा तारा येऊन राहिलाय. पाऊनशे वर्षांनी येतो म्हने. मागं कोन्या काळी एका विलायती साहेबानं हिशोब मांडून सांगितलं होतं, की हा तोच तो फिरून फिरून येतो, अन् त्याच्या सांगन्यापरमानं तो आला, म्हनून त्या ताऱ्याला त्याचंच नाव पडलं. मालक जेवता जेवता हे सांगत होते. पाऊनशे वर्षांनी येनारी वस्तू आपल्या वक्ताला येती, याचाच त्यांना आनंद.

बुढीमाय वात वळत होती. तिनं विचारलं, "कसला तारा? शेंडेनक्षत्र व्हय?"

मालक म्हनले, "हाव, तेच. शेंडीवालं."

बुढीमायनं हातातली वात खाली ठेवली. दुसऱ्या दिवशीपासून मला गिरान लागलं.

गिरान म्हंजे सूर्य-चंद्राला लागतं ते. आमच्याकडं गिरानात दोन जिवांच्या बाईनं विळी धरायची न्हाई, सुई हातात घ्यायची न्हाई, गाठ मारायची न्हाई, कशाला मुरड घालायची न्हाई, आभाळाखाली जायचं न्हाई. लेकराच्या अंगावर त्याचा डाग उमटतो म्हनतात. पन ते गिरान जेवायच्या येळंला लागलं तर निजायच्या येळंला सुटतं. बाईनं तेवढा वक्त भिंतीला टेकून बसायचं, अन् सुटलं की अंघोळ करून कामाला लागायचं. बुढीमायनं तोच नेम या ताऱ्याला लावला. अन् हा तारा म्हने महिनोन्महिने ऱ्हानारा. तो आभाळात हाय तोवर माह्यं गिरान. सासू हळूच म्हनली, अवं एवढे दिस कसं पाळावं पोरीनं. बुढीमाय म्हनली, माह्या डोळ्यांम्होर पाळंल.

मग मी पाळलं. उन्हाचं काही न्हाई, सूर्यापुढं ताऱ्याचं चालत न्हाई म्हनून दिवसा आडावर जाऊ द्यायची. पन विळी कायमची बंद. मेथी हातानं तोडायची, वांगं बुक्कीनं फोडायचं, कांदा मुठीनं ठेचायचा. आमच्या घरी त्या हिवाळ्यात समदी भाजी तुटकी-फुटकीच झाली. संक्रांतीला सासूनं करंज्या केल्या तर मी नुसत्या लाट्या लाटल्या, मुरड तिनं घातली. सरपनाच्या मोळीला गाठ मारायची न्हाई, केस बांधायचे न्हाईत, नुसते पदराखाली खोचायचे. अन् दिवस मावळला की आत.

पन एक अडचन होती, ती घरात बसून भागन्यातली नव्हती. तवा गावात कुनाच्याच घरी संडास नव्हता. बाया पहाटं अंधाऱ्यात लोटा घेऊन गावाभाईर गोदरीत जायच्या, तांबडं फुटायच्या आत माघारी यायच्या. दिवसा जायची सोय न्हाई, लाज. मग बुढीमायनं तोड काढली. पावसात शेतकरी डोक्यावर घेतात तशी बारदानाची खोळ. ती खोळ हनुवटीपर्यंत ओढायची, अन् नजर आपल्या पायाच्या अंगठ्यावर. शेजारच्या चंद्रकलानं माह्या हाताला धरून न्यायचं अन् आनायचं. बारदानाला पेंडीचा वास यायचा. आत श्वास गरम व्हायचा. मी रोज पहाटं अशी आंधळ्यावानी गेले अन् आले.

चंद्रकला माह्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, तीन लेकरांची माय, तोंडाची लई पट्टीची. मी दारात दिसले की बायांना म्हनायची, "सरका गं सरका, पोस्टातलं पार्सल आलं." दुसरी म्हनायची, पार्सलावर पत्ता तर बघा कुनाचा हाय. "पत्ता कशाला? नवऱ्याचंच हाय, पोटावर शिक्का मारलाय त्यानं." समद्या हसायच्या, मी बी खोळीत हसायची. आता वाटतं, त्या हसन्यावरच मी ते दिवस काढले.

पोष-माघात तो तारा सांजच्याला मावळतीकडं दिसतो असं रेडिओ सांगायचा. मालक माळवदावर चढून बघायचे, त्यांना काय तो दिसला न्हाई. गावातल्या कुनालाच दिसला न्हाई. मग रेडिओनं एक दिवस सांगितलं, तारा सूर्यापाशी गेलाय, आता दिसनार न्हाई. मालकांनी बुढीमायला सांगितलं, गेला. बुढीमायनं दोनदा विचारलं, खरंच गेला? रेडिओनं सांगितलं? मग तिनं मला अंघोळ घातली, तांब्यात तुळशीचं पान टाकून, अन् म्हनली, गिरान सुटलं.

आमच्यात पहिलं बाळंतपन माहेरी. दादा सातव्यालाच न्यायला आले होते, तवा त्यांना रिकामं लावून दिलं होतं. आता बुढीमायनंच निरोप धाडायला लावला, की शिवरात झाली की येऊन पोरीला घेऊन जा. माह्या जिवात जीव आला. अर्धापूरला आमच्या घराजवळ सरकारी दवाखाना, तिथं नर्स, मोठ्या बहिनीचं बाळंतपन तिनंच केलेलं. नांदेडचा मोठा दवाखाना बी जवळ. अन् माय होती. पहिल्या वक्ताला मायचा हात पायजे, एवढंच मला कळत होतं. मी पिशवीत दोन लुगडी भरून ठेवली. बुढीमायनं लेकराच्या टोपऱ्यासाठी तिची जुनी चोळी काढून दिली, मऊ असती म्हनून. फक्त ती म्हनली, पहाटंची खोळ असू दे. आता सवय झालीच हाय, चार दिसांनी काय बिघडतं.

अन् शिवरातीच्या अलीकडं एका पहाटं, गोदरीच्या वाटंवर, चंद्रकला थांबली. तिचा हात माह्या हातात, म्हनून मी बी थांबले. मागच्या बाया थांबल्या. लोट्यांचा आवाज बंद झाला.

चंद्रकला म्हनली, "आगं बया. ते काय हाय?"

एक जन म्हनली धुकं असंल. चंद्रकला म्हनली, "धुकं काय असं एका जागी शेपूट वर करून बसतंय व्हय?"

 मी माह्या अंगठ्याकडं बघत होते. अंगठ्याला ओली माती लागली होती, ती मला अजून दिसती. मला कुनी सांगायची गरज पडली न्हाई. तो सूर्याच्या मागं जाऊन दुसऱ्या अंगानं निघाला होता. गावात पहिल्यांदा त्याला बघितलं ते आम्हा बायांनीच, म्हंजे त्यांनी. मी सोडून.

चंद्रकला हळू बोलली. "हे बघा. पोरीचा बाप येऊन राहिलाय. घरी जाऊन कुनी तोंड उघडलं तर माह्याशी गाठ हाय."

कुनीच तोंड उघडलं न्हाई. अशा बाया, की आडावर एकीच्या घरची वाटी फुटली तर गावभर करायच्या, पन हे त्यांनी पोटात ठेवलं. पहाटं मात्र तिथं गेल्यावर त्यांचं बघनं चालू असायचं. आज बाभळीच्या वर हाय. आज बाभळीच्या उजव्या अंगाला सरकला. आज शेपूट लांबलं. दिवसागनीक तो दक्षिनेकडं चाललाय, असं त्या म्हनायच्या, अन् मग गप व्हायच्या, कारन दक्षिन यमाची दिशा. मी एकदा बी न बघता तो रोज कुठं असतो ते मला पाठ झालं होतं.

शिवरातीच्या उपासाचा दिवस. सांजच्याला सासूनं भगर अन् शेंगदान्याची आमटी केली होती. मालक रानातून आले, गळ्यात रेडिओ, हातपाय धुतले, पाटावर बसले. खुशीत होते. म्हनले, "बुढीमाय, ऐकलं का? तारा गेला न्हाई. सूर्याच्या आडून निघालाय. आता पहाटं दिसतोय म्हने, मी उद्या उठून बघनार."

त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांना गिरानाची याद बी नव्हती. मी त्यांना कवाच बोल लावला न्हाई, पुढं बी लावला न्हाई. पन सासूचा हात ताटात तसाच राह्यला. बुढीमाय म्हनली, कौसे, ती पिशवी मोकळी कर.

दुसऱ्या दिवशी दादा आले. फाट्यापासून खांद्यावर केळीचा घड घेऊन चालत आलेले, घामाघूम. हिरवा घड, एसटीत मांडीवर धरून आनला होता. सासूनं पानी दिलं, च्या दिला. दादांनी घड आढ्याला टांगला अन् म्हनले, दुपारची गाडी हाय, पोरगी तयार हाय का. मग त्यांना कळलं. दादा शांत मानूस. ते भांडले न्हाईत. बुढीमायच्या म्होरं जमिनीवर बसले अन् म्हनले, माय, तिकडं दवाखाना हाय, नर्स हाय, दिवसाउजेडी नेतो, दिवस मावळायच्या आत घरी पोचतो.

बुढीमाय म्हनली, "तुमी बाप हाव, तुमचं खरं हाय. पन तिकडं पहाटं तिच्यावर खोळ कोन घालंल? आता माह्यं ऐका. मी एवढी होते, परकराची. सांजच्याला अंगनात खेळत होते, हातात हुरड्याचं कनीस. मला दिसलं ते. चिंचेच्या शेंड्यापासून पार मारुतीच्या देवळापस्तोर शेपूट. मीच आत पळाले, मीच मायला हाताला धरून भाईर आनलं. म्हनले, बघ माय, बघ. तिला दिवस होते. ती लई येळ बघत राह्यली. हुरडा सरायच्या आत गेली, लेकरू पोटात घेऊनच. माह्या बापानं मरेस्तोवर माह्याशी बोलनं केलं न्हाई."

दादा म्हनले, "माय, पाऊनशे वर्षं झाली त्याला."

"तुमच्या लेखी झाली."

दादा उठले. मला आत येऊन भेटले. डोक्यावर हात ठेवला, केस मोकळे बघून विचारलं, का गं? मी म्हनले, गाठ चालत न्हाई. मी रडले न्हाई, ते बी रडले न्हाईत. जाताना म्हनले, केळी पिकली की खा, दिवसाला एक तरी खा. अंगनातून जाताना त्यांनी मागं वळून बघितलं न्हाई. तो घड आढ्याला पिकत राह्यला. घरभर त्याचा गोड वास. आता मी लातूरला लेकाकडं असते, इथं दारावर केळीवाला येतो. मी घेते, नातवंडांना देते. माह्या घशाखाली केळ उतरत न्हाई.

पुढं होळी आली. मला दिवेलागनीला कळा सुरू झाल्या. सुईन हलीमाबी, मुसलमानाच्या आळीतली, हाताला लई गुन तिच्या. तिनं तेल लावलं, शेक दिला, पानी तापवलं. येळ जात राह्यला, लेकरू काही सरकंना. चंद्रकला माह्या पाठीशी बसलेली. लई येळानं हलीमाबीनं माह्या पोटावर दोन्ही हात फिरवले अन् तिचा चेहरा पडला. भाईर जाऊन मालकांना म्हनली, "लेकरू आडवं हाय, बाबा. अब मेरे हात की बात नई. गाडी जोड, हदगावला ने."

मालकांनी गाडी जोडली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज मला आतून ऐकू आला. गाडीत कडबा पसरला, वर वाकळ टाकली. अन् बुढीमाय उठून चाचपडत आली अन् दारातच बसली. दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही अंगांना.

तिनं विचारलं, तांबडं फुटलं का? कुनी तरी म्हनलं, अजून येळ हाय. तारा हाय का आभाळात? कुनी बोललंच न्हाई. बुढीमाय म्हनली, "उजाडू दे. सूर्य वर आला की न्या. मी आडवी येनार न्हाई."

हलीमाबी हात जोडून बोलली, सासू बुढीमायच्या पाया पडली. बुढीमाय चिडली न्हाई, ओरडली न्हाई. ती मला वाचवून राहिली होती. हे मला तवा बी कळत होतं. मालक कासरा धरून अंगनात उभे. त्यांनी तिला उचलून बाजूला ठेवलं असतं तर ती किती जड होती? पन तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलेलं, तिच्या अंगाला हात लावायचं त्यांच्यानं झालं न्हाई. अन् खरं सांगायचं तर मला बी भ्याव होतं. चार महिने ज्याच्यापासून तोंड लपवलं, त्याच्याखाली उघड्या गाडीत निजून जायचं, याचं भ्याव. बैलांना कळत नव्हतं का थांबलोय. ते मान हलवायचे अन् घुंगरं वाजायची. जरा थांबायची, पुन्हा वाजायची. मला कळांचं एवढं आठवत न्हाई, जेवढी ती घुंगरं आठवतात.

सूर्य वर आला. बुढीमायनं हात काढले. मला गाडीत घातलं.

हदगावच्या दवाखान्यात डॉक्टरीनबाई होत्या. त्यांनी मला वाचवलं. लेकरू मेलेलं निघालं. मुलगी होती. डोईवर दाट काळे केस, ओले. अंगावर कसलाच डाग नव्हता, ओठ नीट, बोटं नीट, मी बघून घेतलं. नर्स हात धुता धुता सासूला एवढंच म्हनली, "जरा लवकर आनायचं होतं, मावशी." रागानं न्हाई म्हनली. तिला रोजचं असंल.

मालकांनी लेकराला आमच्या रानाच्या बांधाला पुरलं. मला घरी आनलं अन् ते रोजच्यावानी रानात गेले. रेडिओ खुंटीवर तसाच. गावात बोलनं सुरू झालं, की पोरीनं वर बघितलं असनार, चोरून. चंद्रकला आडावर कंबर बांधून भांडली, म्हनली तिचं तोंड बारदानात होतं अन् हात माह्या हातात, कुनी बघितलं ते म्होरं या. पन लोकांना सोपं तेच वाटतं.

दहा दिवस झाले, माहा विटाळ फिटला. दुपारची येळ होती, घरात आम्ही दोघीच. छातीला दूध दाटलं होतं, सासूनं कोबीची पानं बांधायला दिली होती, ती मी बदलत होते. बुढीमाय भिंतीला टेकून बसलेली. तिनं त्या दहा दिवसांत भाकरीचा तुकडा नीट खाल्ला नव्हता. तिनं मला हाक मारली. मी जवळ बसले.

"कौसे, मी तुला काही म्हननार न्हाई. तू वर बघितलं होतंस का? एकदा तरी?"

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तिचे ते पांढरे डोळे माह्याकडं लागलेले. मला दिसत होतं तिला कोनतं उत्तर पायजे ते. मी हाव म्हनले असते तर तिचं समदं जागच्या जागी बसलं असतं. पन ते माह्या लेकरावर गेलं असतं, अन् माह्यावर.

मी म्हनले, "न्हाई. एकदा बी न्हाई."

"विळी?"

"न्हाई."

"गाठ?"

"न्हाई, बुढीमाय. समदं पाळलं."

ती बोटांची पेरं मोजत राह्यली. ती काय मोजत होती ते मला तवा कळलं न्हाई. आता माहे बी केस पिकले, आता कळतं. मी समदं पाळून माह्यं लेकरू गेलं, तर तिच्या मायनं नुसतं बघितलं म्हनून ती गेली, हे बी खरं नव्हतं. परकरातल्या पोरीनं काही केलं नव्हतं. अन् दारात बसली ती मातर म्हातारीच होती.

पाडव्याच्या अलीकडं एका पहाटं तिनं मला उठवलं. म्हनली, खोळ नको घेऊ. मला अंगनात ने. मी तिला धरून नेलं. चंद्रकला लोटा घेऊन निघतच होती, ती बी कुडापाशी थांबली. बुढीमाय म्हनली, आता तुला कशाचं गिरान. वर बघ. मला सांग कसा हाय.

मी वर बघितलं. इतक्या महिन्यांनी आभाळ बघितलं, तर मला काही उमजंना. किती तारे. चंद्रकलानं मला दक्षिनेकडं वळवलं, बोट दाखवलं, खाली, रानाला लागून. तरी दिसंना. मग हळूहळू दिसला. चांदन्यांमध्ये एक पुसट ठिपका, त्याला जरासं पसरट. कापूस पिंजताना एखादा धागा उडून अंगाला चिकटतो, तेवढं. फुंकर मारली तर जाईल असं.

बुढीमायनं विचारलं, "केवढा हाय?"

मी सांगितलं तसंच. कापसाच्या धाग्यावानी.

"चिंचेपासून देवळापस्तोर न्हाई?"

"न्हाई. नीट बघितल्याबिगर दिसत बी न्हाई."

तिनं चंद्रकलाला विचारलं. चंद्रकला म्हनली, हाव माय, एवढाच हाय, पहिल्यापासून एवढाच.

बुढीमायनं वर केलेलं तोंड खाली घेतलं. मग म्हनली, "हा तो न्हाई."

मला तवा वाटलं, लेकराच्या डोळ्यांना समदं मोठं दिसतं, म्हनून ती म्हनून राहिली. पन परवा मी हे सांगत होते तर नातीनं लिहिता लिहिता मोबाईलात काढून बघितलं. म्हनली, आजी, बुढीमाय परकरात होती त्या साली दोन निघाले होते. हुरड्याच्या दिवसांत लई मोठा एक निघाला, तो पुन्हा येनारा नव्हताच. अन् हा फिरून येनारा, तो त्याच साली उन्हाळ्यात आला. लोकांनी दोघांचं एकच केलं. नात म्हनली, हा आता लांबून माघारी फिरलाय, वाटंला लागलाय. मी म्हनले, येऊ दे बाई, त्याचा काय दोष. हुरड्याचं कनीस हातात होतं म्हनजे बुढीमायनं बघितला तो मोठा. म्हातारीला डोळे नव्हते तरी तिनं बरोबर वळखलं.

तवा अंगनात वारं गार होतं. बुढीमायनं माह्या हाताला धरलं होतं. तिनं विचारलं, मला का त्या अंधाराला, काय म्हाईत.

"मग मी कुनाचं गिरान पाळलं गं, कौसे?"

चंद्रकला तोंड फिरवून निघून गेली.   मी तिच्या अंगावरचा पदर नीट केला, तिला वळवलं, अन् धरून घराकडं आनलं. दारापाशी आल्यावर तिचे पाय अडले, पुढं पडंनात. जिथं ती त्या पहाटं बसली होती तिथंच.

मी म्हनले, "पाय उचला, बुढीमाय. उंबरा हाय."